उल्दिसला हाक

उपमाली, २९ सप्टेंबर
मिकेलीचा दिवस

विस्वाल्दिस,

वर ‘प्रिय’ नाही, ते विसरून राहिलेलं नाही. मी फोन का करत नाही, असं तू शेजारच्या आइवार्सजवळ विचारलंस म्हणे. फोनवर आपण बोलतो काय? ‘कशी आहेस?’ ‘बरी.’ आणि मग नॉर्वेतून तू आणि इथून मी, दोघांनी घुम्यासारखं गप्प बसायचं. पत्रात निदान तुला मध्येच ‘बरं, ठेवतो’ म्हणून सुटता येत नाही.

आज मिकेली, सुगी संपायचा सण, आणि आजच जव कापून झाला. यंदा पावसाने उशीर केला आणि त्यात माणूस मिळेना. शेवटी आइवार्सने त्याचं यंत्र आणलं आणि रिवाजाप्रमाणे मूठभर कणसं कोपऱ्यात उभी ठेवली. त्या मुठीला गाठ मारायची, खाली दगड आणि पावाचा तुकडा ठेवायचा, हे घरधन्याचं काम. आमचे घरधनी परदेशात मासे कापतायत. तेव्हा मीच चिखलात गुडघे टेकले. तुझी आई बांधावर खुर्ची टाकून बसली होती. अंगावर तीन शाली, पण तोंड अगदी ठणठणीत. ‘गाठ उजवीकडून, सूनबाई. बुटाची नाडी बांधतेयस का?’ शुभ म्हणून राखायचं ते जुळं कणीस मला काही दिसेना, तिला ते खुर्चीतून दिसलं. ते हातात आल्यावर ती गायली. आवाज आता चिरका झालाय तिचा, पण सूर जागेवर आहे.

शेत झालं रितं, बांधावर धुकं बसलं,
जुळं कणीस माझ्या ओंजळीत हसलं;
एक दाणा बियाण्याला, एक दाणा भाकरीला,
एक ठेवा राखून दूरच्या लेकराला.

इतकी वर्षं तिच्या ओव्या ऐकतेय, शेवटची ओळ जुनी नाही हे मला लगेच कळलं.

‘दूरचं लेकरू म्हणजे कोण, आई? विस्वाल्दिस का?’

‘त्याला कशाला? तो स्वतःच्या पायाने गेलाय आणि दोन वेळा गिळतोय.’ मग कणसाकडेच बघत म्हणाली, ‘यंदा पितरांना बोलावताना मी उल्दिसचं नाव घेणार. दोन वर्षं झाली, पोरगं उपाशी आहे.’

हेच कळवायला हे पत्र आहे, बाकीचं सगळं पाल्हाळ. पितरांच्या पंगतीला ज्याचं नाव घेतलं तो पितर, हे तुला मी सांगायला नको. एकदा तिथे जेवलेला माणूस पुन्हा आपल्या टेबलावर बसत नाही. त्याची रिकामी होडी एस्टोनियाच्या बेटाला लागली, उल्दिस सापडला नाही. लाइफ जॅकेट होडीत नव्हतं. वल्ही आत नीट ठेवलेली होती. बुडणारं माणूस वल्ही नीट ठेवतं का? जिवंत पोराचं नाव त्या दारात उच्चारलं तर आपणच त्याला तिकडे ढकलल्यासारखं होईल.

आणि तरी आईचं बोलणं मला टोचत राहिलं. कारण तो खरंच गेला असेल, तर सगळे जेवतायत आणि आपला पोरगा दाराबाहेर धुक्यात उभा आहे, कुणी आत ये म्हणत नाही. त्याला भूक कधी सोसली नाही. शाळेतून आला की दप्तर पाठीवर असतानाच पातेल्यावरचं झाकण उचलायचा.

नाव घ्यायचं की नाही हे घरधनी ठरवतो. आई तुझं ऐकेल, माझं नाही ऐकणार. मागच्या नोव्हेंबरात मार्तिनच्या सणाच्या जेवणाला तू म्हणालास, ‘तो गेला, झेन्ता, त्याचं ताट वाढणं बंद कर,’ आणि मी ते ताट भिंतीवर फेकलं. ते तुझ्यावर फेकलेलं नव्हतं. माझा नेम किती चांगला आहे ते तुला माहीत आहे. तेवढ्यावरून माणूस पिशवी भरून देश सोडतो का?

ये. पंगतीच्या आत ये.

झेन्ता


उपमाली, १४ ऑक्टोबर

विस्वाल्दिस,

तू आला नाहीस. उत्तरही नाही. म्हणजे जे झालं त्यात तुझाही वाटा आहे, हे आधीच सांगून ठेवते.

धुकं आठवडाभर उठलेलं नाही. तुझी आई पितरांचे दिवस कसे पाळते ते तू जाणतोस. लाकूड फोडायचं नाही, दार आपटायचं नाही, हाका मारायच्या नाहीत. आम्ही दोघी भांडायचोसुद्धा कुजबुजत. मी रोज समुद्रावर जाऊन येते, ते तिला खपत नाही. परवा मी बूट काढत होते तर चुलीपाशी बसून तिने हळू आवाजात सुरू केलं,

माय उभी काठावर, लाट येते जाते,
लाटेला ती लेकराची खुशाली विचारते;
लाट काही बोलत नाही, पाऊल पुसून नेते,
माय दुसऱ्या दिवशी पुन्हा तिथेच येते.

‘माझ्यावर रचलीत का?’ मी विचारलं.

‘माझ्या आजीची आहे. तुला काय वाटलं, जगात तूच पहिली आई?’

मला रडू फुटलं. तिनेही डोळे पुसले, पण मी बघत नाही असं बघून.

काल दुपारी आइवार्स आला. नदीत यंदा भरपूर सापमासे लागलेत, त्याने पंगतीसाठी भाजून आणले होते. जाता जाता दारात घुटमळला. ‘वहिनी, मी पाण्यावर पोट भरणारा माणूस. ऑक्टोबरच्या समुद्रात माणूस किती टिकतो ते मला विचारू नका.’

‘मी विचारलं?’

‘नाही.’

‘मग मासे ठेव आणि निघ.’

तो बिचारा काहीतरी चांगलंच बोलायला आला होता. आजकाल माझ्याशी चांगलं बोलायला कुणी येऊ धजत नाही.

दिवस मावळताना अंगणातलं न्हाणीघर तापवलं, पंगत तिथेच मांडायची असते. पितरांसाठी कोमट पाणी, कोरा टॉवेल, बर्चच्या डहाळ्यांची जुडी. बाकावर पांढरं कापड, त्यावर काळा पाव, मध, डुकराचं मटण, जवाची लापशी, बिअर. सगळं तुझ्या आईने सांगायचं आणि मी करायचं, पण केलं मी मनापासून. मग मेणबत्ती घेऊन ती दारात उभी राहिली आणि एकेकाला बोलावायला लागली. तुझे वडील आले. तिची बहीण आली. तुझ्याआधी जन्मून गेलेलं ते तान्हं, त्याला ती ‘बाळ’ म्हणूनच बोलावते. प्रत्येक नावानंतर थांबायचं, वाट द्यायची. मी खाली मान घालून उभी होते, कारण ताटांकडे बघायचं नसतं. बाळानंतर ती जरा जास्त थांबली. तिने श्वास घेतलेला मला ऐकू आला.

आणि मी तिच्या तोंडावर हात दाबला, विस्वाल्दिस.

ऐंशी वर्षांच्या बाईच्या तोंडावर. मेणबत्ती खाली पडली आणि विझली. बिअरचा जग कलंडला. ती माझा हात सोडवायचा प्रयत्न करत होती आणि मी सोडत नव्हते. सोडला तेव्हा ती ओरडली नाही. अंधारात हळूच म्हणाली, ‘सगळ्यांना भरल्या ताटावरून उठवलंस.’

पंगत मध्येच मोडली. बोलावलेले जेवले नाहीत, त्यांची पाठवणीही झाली नाही. तू लहान असताना अशी पंगत कधी मोडली होती का? तिला विचारलं तर ती बोलत नाही. सकाळपासून माझ्या हातचं काही खाल्लेलं नाही. मार्तिनच्या रात्री पितरांची वाट बंद होते, तोवर पुन्हा मांडता येते एवढंच आइवार्सची बायको म्हणाली.

अजून वेळ आहे. ये.

झेन्ता


उपमाली, ३१ ऑक्टोबर

विस्वाल्दिस,

वादळामुळे बोटी बंद होत्या, विमानात जागा नव्हती, साहेब सोडेना. तिन्ही कारणं आइवार्सने मला एकापाठोपाठ सांगितली. एकच सांगितलं असतंस तर मी विश्वास ठेवला असता. आईच्या दफनाला तुझी फुलं पोचली. सम संख्येत होती, मयताला तशीच द्यायची असतात, तेवढं तरी तुझ्या लक्षात राहिलं. पाद्री चार शब्द बोलला, लोकांनी वाळू टाकली, आणि मग तिच्याच ओव्या म्हणायच्या होत्या तर कुणालाच पुरती येईना. एकीला पहिल्या दोन ओळी, दुसरीला शेवटची. ती असती तर सगळ्यांना फैलावर घेतलं असतं. मला त्या गर्दीत इतकं एकटं वाटलं की मी शववाहिकेच्या ड्रायव्हरशी हवापाण्याच्या गप्पा मारत उभी राहिले.

तिचं शेवटचं तुला कळायला हवं. पंगत मोडल्यावर सहाव्या की सातव्या दिवशी तिने अंथरूण धरलं. डॉक्टर म्हणाला छातीत पाणी झालंय, हॉस्पिटलात चला. ती म्हणाली, ‘मला न्हायला घाल, सूनबाई.’ मी ऊन पाण्याने तिचं अंग पुसलं. अंगावर मूठभरसुद्धा मांस उरलं नव्हतं. मी म्हटलं, ‘आई, त्या दिवशीचं...’

‘राहू दे. माझ्या उल्दिससाठी दाबलंस ना तोंड? मग राहू दे.’

थोड्या वेळाने तिने मला जवळ बोलावलं. ‘हे बघ, भांडण मिटवू. मी नाव घेत नाही, तूही घेऊ नकोस. मी आता जातेच आहे, तर जाऊन बघते. तिथे असला तर माझ्या ताटातलं घालीन त्याला.’

‘आणि नसला तर?’

‘नसला तर चांगलंच आहे की!’

‘पण मला कसं कळणार, आई? असला काय आणि नसला काय, मला इथे कसं कळणार?’

‘ते मला काय ठाऊक? मी काय आधी मेलेय?’ आणि हसली. हसताना खोकला आला तो थांबेना. मग म्हणाली, ‘पंगत मात्र पुन्हा मांड. मला नावाने बोलाव. पहिल्याच वर्षी मला दारात ताटकळत ठेवू नकोस.’

पहाटे गेली. मी हात धरून होते.

आता मला घरात भांडायलासुद्धा कुणी नाही. ती होती तोवर मला वाटायचं की उल्दिसला धरून ठेवणारी मी एकटी आहे आणि ती त्याला सोडायला निघालीय. आता कळतंय की रोज त्याचं नाव काढणारं या घरात तेच एक माणूस होतं. मार्तिनच्या संध्याकाळी मी पंगत मांडणार आहे. ते एकटीने करायची मला भीती वाटते. सरळ लिहिते, भीती वाटते. तू ये.

झेन्ता


उपमाली, १० नोव्हेंबर
मार्तिनचा दिवस, रात्री

विस्वाल्दिस,

पंगत मांडली.

कोंबडा मीच कापला. दुपारपासून न्हाणीघर तापत होतं. पोरं मुखवटे घालून, डबे वाजवत गावातून फिरली, पण आपल्या वाटेला कुणी वळलं नाही. आपलं घर टाळायला पोरांना आयांनी सांगितलं असणार. दिवस मावळला तशी मी मेणबत्ती घेऊन दारात उभी राहिले. तुझ्या वडिलांना बोलावलं. मावशीला, बाळाला. मागच्या वेळचं पोटात घाला म्हणाले. मग ‘ओतीलिया’ म्हटलं. आयुष्यात पहिल्यांदा मी तिला नावाने हाक मारली.

थांबले. कान देऊन थांबले. तिने काहीतरी करून कळवावं, अशी मी वेडी वाट बघत होते. मेणबत्ती हलावी, फळी करकरावी, काहीही. काही झालं नाही. बाहेर धुकं आणि आत ताटं. मला तिचा राग आला. एवढी बोलकी बाई, आणि गरजेच्या वेळी गप्प.

मग माझ्या मनात आलं, आज मार्तिन. उद्यापासून ही वाट बंद. तो त्या गर्दीत मागे कुठेतरी उभा असेल, नाव घेतलं जात नाही म्हणून पुढे येत नसेल. आजी म्हणत असेल चल, आणि तो म्हणत असेल, आईने बोलावलं नाही. तो असा होताच. बोलावल्याशिवाय कुणाच्या घरी पाण्यालाही थांबला नाही. आणि मी वर्षभर आणखी त्याला तिथे उभं ठेवणार. कशासाठी? मला आशा ठेवता यावी म्हणून? दोन वर्षं मी स्वतःची आशा जपली आणि त्याला उपाशी ठेवलं असं तर नाही ना, हे एकदा मनात आलं आणि मग मला राहवेना.

मी हाक मारली. पितरांना मारतात तशी नाही. स्वयंपाकघराच्या खिडकीतून मारायचे तशी. ‘उल्दिस, जेवायला ये. निवतंय.’

नंतर आईची ओवी म्हटली.

धुक्यातनं या हळूहळू, ओले पाय पुसा,
ताटं मांडली तुमची, आपापल्या जागी बसा;
मोजून वाढलं नाही, पोटभर खा,

चौथी ओळ पाठवणीची. ‘उजाडायच्या आत आल्या वाटेनं जा.’ ती माझ्याच्याने म्हणवली नाही. तीन ओळी म्हणून मी मेणबत्ती तशीच ठेवली आणि घरात आले.

नाव घेतलं मी. अखेर तुझंच खरं धरलं. तू बाप आहेस, तू एवढ्या ठामपणे ‘तो गेला’ म्हणालास, तेव्हा तुला आतून काही कळलं असेल असं समजले. आता तुला बरं वाटत असेल.

झेन्ता


उपमाली, १२ नोव्हेंबर

विस्वाल्दिस,

मार्तिनच्या रात्रीचं पत्र अजून तुला मिळालेलं नाही. हे त्याच्यासोबतच पाठवते आहे, आधी ते वाच.

काल सकाळी तुझा फोन आला आणि तू ‘कशी आहेस’ही विचारलं नाहीस. एकदम ओरडलास, ‘पंगत झाली का?’

‘झाली.’

‘नाव घेतलंस?’

‘घेतलं.’ मग तू जे बोललास ते मी कालपासून पुन्हा पुन्हा आठवतेय. ‘मी इथे मासे कापायला आलो असं वाटतं तुला? दर रविवारी एकेक बंदर फिरतो मी, झेन्ता. बोटीवरून उतरणाऱ्या प्रत्येक पोराचं तोंड बघतो. एखाद्या बोटीने उचलला असेल, डोक्याला मार लागला असेल, नाव आठवत नसेल...’

‘मग तो गेला असं का म्हणालास?’

‘तू जेवत नव्हतीस! रोज त्याचं ताट वाढायचीस आणि स्वतः उठून जायचीस. वाटलं, आशा सुटली तर खाशील तरी.’

तू खोटं बोललास माझ्या पोटात दोन घास जावेत म्हणून, आणि ते खोटं खरं मानून मी त्याला जेवायला बोलावलं. आपण दोघं कसली माणसं आहोत रे? एका छपराखाली बसून दोघांनी एकमेकांशी एक शब्द खरा बोलायचा नाही, आणि पोराचं नशीब त्यावर ठरायचं.

मग तू खूप हळू विचारलंस, ‘आला का तो?’

मी ‘नाही’ म्हणाले. ‘नाही आला, विस्वाल्दिस.’ आणि तू रडायला लागलास, आनंदाने. ‘मग आहे! मग तो आहे कुठेतरी!’ एवढ्या वर्षांत मी तुला असं रडताना ऐकलं नव्हतं. मी फोन ठेवून दिला.

तुला तेवढ्या खोट्यावर सोडून द्यावं असं काल दिवसभर वाटलं. तुला बरं वाटतं, माझं काय जातं. पण मग तुझे रविवार डोळ्यांपुढे यायला लागले. तू म्हातारा होशील आणि काठी टेकत बंदरावर जाऊन वीस वर्षांच्या पोरांची तोंडं बघत राहशील, आणि तोवर उल्दिसला चाळिशी लागलेली असेल, हेही तुझ्या लक्षात येणार नाही. तेव्हा खरं काय ते लिहिते. वाचण्याआधी खाली बस.

त्याला हाक मारून मी घरात आले आणि बटाटे सोलायला घेतले. बाहेर वारा सुटला होता आणि फाटक आपटलं, जोरात, कुणी घाईने आत यावं तसं. दोन वर्षं हे फाटक वाजलं की मी हातातलं टाकून दाराकडे बघते. झोपेतसुद्धा उठून बसते. आई त्यावरून किती चिडायची. त्या संध्याकाळी फाटक वाजलं आणि माझी मान वर झाली नाही. मी बटाटा सोलत राहिले. चार-पाच बटाटे सोलून झाले तेव्हा माझ्या लक्षात आलं की आपण बघितलं नाही. बघावंसं वाटलंच नाही. ज्याची वाट बघायची तो आत आलेला होता.

बस, एवढंच. दुसरा काही पुरावा माझ्यापाशी नाही, आणि मला तो नको आहे.

मार्तिन होऊन गेला. बाकीचे जुने जाणते आहेत, ते आपापली वाट धरून गेले असतील. आई त्यांच्यात पुढे असेल. पण त्याची पाठवणी झालेली नाही. त्याला जा म्हणायला हवं, आणि ते या घरात आता तूच म्हणू शकतोस, माझ्याने ते या जन्मात होणार नाही. त्यासाठी तुला यावं लागेल.

मिकेलीपासून मी प्रत्येक पत्रात तुला ये, ये म्हणत आले. आता तशी घाई नाही. न्हाणीघरात सकाळ-संध्याकाळ दोन लाकडं टाकते, आत ऊब आहे. समुद्र शांत होऊ दे, साहेबाला नीट विचार, बोट चांगली मिळू दे. सावकाश ये, विस्वाल्दिस. तू येईपर्यंत तो घरी आहे.

झेन्ता